साचेखात्याची शिकवणी

"हात मागे," दौलत म्हणाला.

मंजू आणि आनंदा या दोघांनी हात पाठीमागे बांधले. आनंदाचा एक हात लगेच पुढे आला, कारण त्याच्या नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटली होती. दौलतने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. खाज थांबली आणि हात मागे गेला.

कमल रॉकेलचा डबा घेऊन दारात उभी होती. रेशनच्या रांगेत सकाळ गेली होती, पायांचे तुकडे पडले होते, पण समोरचं दृश्य बघून ती डबा खाली ठेवायचंच विसरली. तिचा नवरा मोरीच्या कडेला उकिडवा बसून स्टो पेटवत होता. लग्न झाल्यापासून या माणसाने पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हाताने भरून घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि आता तो काकडा लावून, बर्नर चांगला तापेपर्यंत धीर धरून, मग हलक्या हाताने पंप मारत होता. एरवी घर डोक्यावर घेणारी पोरं तोंडातून ब्र न काढता बघत होती.

"अहो, हे काय चाललंय?" कमलने विचारलं.

दौलतची पाठ तिच्याकडे होती. पाठीने काही उत्तर दिलं नाही.

"आई, थांब ना. शिकतोय आम्ही," मंजू म्हणाली.

कमलने डबा ठेवला आणि कपाळाला हात लावला. नवरा आपलं ऐकत नाही ही घोडपदेवच्या त्या चाळीतल्या प्रत्येक बाईची तक्रार होती, त्यामुळे कमलला त्यात वेगळं असं काही कधी वाटलं नव्हतं. उलट आपला निदान उलटून बोलत तरी नाही, एवढं तिला समाधान होतं.

गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला आणि आता मे अर्धा सरला होता. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता चाळीतली माणसं कमी होत गेली. एकटे राहणारे गडी पहिल्यांदा गावी गेले, मग बायका, मग पोरं. शेजारच्या खोलीतल्या रखमाने आपला तीन वर्षांचा मुलगा दिराकडे देवगडला ठेवला होता. शिमग्याला ती त्याला बघायला गेली, तर तो तिला काकी म्हणाला. घरातली सगळी पोरं तिला काकीच म्हणायची, त्यांचं ऐकून तोही म्हणाला. रखमा हे सांगताना हसली होती.

आणि आता कमलच्या पोरांवर तीच वेळ आली होती. पलीकडच्या रमाबाईंच्या ओळखीने तिला परळच्या एका इस्पितळात बदली आयाचं काम मिळत होतं. सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कोणी आया गैरहजर असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं, आणि सारख्या दांड्या मारल्या तर नाव कायमचं उडायचं. काम सोडण्यासारखं नव्हतंच. पण मग घरात पोरांचं बघणार कोण? दौलतचा थोरला भाऊ धोंडू याने गावच्या माणसाबरोबर निरोप धाडला होता की, पोरांना इकडे पाठवा, इथे भात तरी पोटभर आहे, शाळेत मी नाव घालतो. धोंडू मनाचा चांगला होता. त्यामुळेच नाही म्हणणं कठीण होतं.

"पोरं कुठं जाणार नाहीत," निरोप आला त्या दिवशी दौलत म्हणाला होता. "घर चालवायला मी शिकवतो त्यांना."

"तुम्ही? साखर कुठल्या डब्यात आहे ते तरी ठाऊक आहे का?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तो आधी स्वतः शिकायला गेला, आणि कुठे, तर रमाबाईंच्या खाणावळीच्या उंबऱ्यावर. संपाआधी रमाबाईंकडे जेवणाऱ्या गड्यांच्या पंगतीवर पंगती उठत. आता मोजके लोक उरले होते, आणि हा एक बिनजेवणाचा.

"तुझा नवरा रोज येऊन दारात उभा राहतो गं," रमाबाईंनी कमलला सांगितलं. "हात मागे बांधून. बोलत नाही, चालत नाही. मला वाटलं भुकेला असेल, भाकरी दिली. खाल्लीन् आणि परत उभा! मी म्हटलं, साहेब, इन्स्पेक्शनला आलात काय?"

खरं तर दौलत गिरणीच्या ज्या साचेखात्यात मागावर कापड विणायचा, तिथली शिकवणी अशीच असते. शेकडो साचे एकदम धडधडत असतात, धोटे इकडून तिकडे आपटत असतात, तिथे माणसाने बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून नवा माणूस आला की त्याला चालू साच्यामागे हात बांधून उभा करायचा आणि बघू द्यायचं. कुशाबा जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, दौलतला कोवळ्या वयात असंच उभं केलं होतं. तुटलेला धागा झोपेतसुद्धा बोटं जोडायला लागली, तेव्हा कुठे त्याने साच्याला हात लावू दिला. बोलणं सगळं ओठांनी आणि हातांनी. कामाचे नियमही दोनच होते. चालू साचा सोडून जायचं नाही, आणि काही बिघडलं तर आधी साचा बंद करायचा, मग काय झालं ते बघायचं. दौलतला शिकवण्याची ही एकच रीत माहीत होती, तेव्हा घरातही त्याने तीच लावली. फक्त साच्याच्या जागी स्टो आला.

पहिला भात मंजूने केला, त्याची पेज झाली. दुसरा आनंदाने केला, तो इतका फडफडीत झाला की ताटात वाजला. मंजूने बांगड्याच्या कालवणात आमसुलं दोनदा टाकली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्यांचे दात आंबलेले राहिले. पण दौलतने कुणाला रागे भरलं नाही. तो मुकाट्याने जेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात मागे. तांदूळ निवडणं, पाणी आलं की हंडे भरून ठेवणं, तुटलेलं बटण लावणं, आपापला गणवेश आपणच धुऊन पिळून वाळत घालणं, असं करत करत पोरं तयार होत गेली. लालबागच्या बाजारात जाऊन बांगड्याचा गलफडा उचलून बघायला आनंदा शिकला. कोळणीने त्याला "ए, हात नको लावू रे, घ्यायचा तर घे," म्हणून दटावलं, तर हा तसाच उभा राहिला, हात मागे बांधून, आणि दुसरा वाटा दाखवेपर्यंत हलला नाही.

कमल कामाला जाऊ लागली. पहिले काही दिवस ती परत येताना जिन्यातच नाक वर करून करपल्याचा वास येतो का बघायची. मग ते थांबलं. घरी आल्यावर भात तयार असायचा, हंडे भरलेले असायचे, आणि कोणाच्या हाताला फोड आलेला नसायचा. एवढं असूनही एक गोष्ट तिला खटकायची. घर फार शांत झालं होतं. पूर्वी ही दोघं एका पेन्सिलीवरून चाळ जमा करायची. आता ओठ हलायचे, हात हलायचे, आवाज नाही. तिने मंजूला विचारलं तर ती म्हणाली, "खेळ आहे आमचा." आणि हे म्हणण्याआधी तिने बापाकडे बघितलं.

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला आणि धोंडू स्वतः आला. खांद्यावर तांदळाचं बोचकं, हातात कापा फणस आणि पानाच्या डबीत चुना. पल्याडच्या मळ्यातल्या माणसाला हाक मारायची सवय असलेला त्याचा आवाज जिन्यापासूनच ऐकू आला. कमल त्या दिवशी घरी होती. तिने पोरांना कौतुकाने पुढे केलं. पोरांनी काकाच्या पाया पडून पाणी दिलं, आणि मग आपापल्या कामाला लागली. मंजूने भांडी घासली. आनंदाने तांदूळ धुवून आधण ठेवलं. दौलत कोपऱ्यात बसून बघत होता, मधूनच बोट उचलत होता, भुवई उडवत होता. धोंडू एकदा भावाकडे, एकदा पोरांकडे बघत राहिला. फणस फोडताना त्याने चार गोष्टी सांगायचा प्रयत्न केला, पण त्याच्याच आवाजाचा त्याला संकोच वाटायला लागला.

जेवणं झाल्यावर त्याने कमलला गॅलरीत बोलावलं. ती पदर सावरून जरा लांब उभी राहिली.

"कमल, खरां सांग. पोरांका मारता काय गो तो?"

"नाही हो भावोजी! हात उगारला नाही कधी."

"मगे पोरां बोलणत कित्याक नाय? मी इल्यापासना बघतंय. तोंडातना शबूद नाय. ह्यां चेडू भांडी घासता, तो धाकटो चुलीम्होरं बसता, आणि बाप बसान डोळे वटारता. ह्यां घर नाय गो, तुरुंग आसा."

"तसं नाही, भावोजी. ते शिकवतात पोरांना."

"असां शिकवतत? माझ्या गोठ्यातली वासरां ह्यांच्यापेक्षा जास्त बोलतत." धोंडूने आवाज खाली आणला. "संपान माणसाचा डोक्यां फिरता, तेचो दोष नाय. पण पोरांनी कित्याक सोसूचा? मी त्येका आता जेवताना इचारलंय, पोरांका घेवन जाव काय म्हणान. त्येनी मान हलवल्यान. होय म्हणालो."

"हो म्हणाले?"

"दोनदा मान हलवल्यान. उद्या सांजच्या गाडयेन मी पोरांका घेवन जातंय."

कमल कठड्याला धरून उभी राहिली. पोरं कुठं जाणार नाहीत असं छातीठोक सांगणारा माणूस भावाने विचारल्याबरोबर मान हलवून मोकळा झाला होता, तेही तिला एका शब्दाने न विचारता. तिला इतका राग आला की आत जाऊन भांडावं हेसुद्धा सुचेना. ती आत गेली, मंजूला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "बाळा, बाबा तुम्हाला रागावतात का गं? मी नसताना?"

मंजूने मान हलवून नाही म्हटलं, पण आधी बापाकडे पाहिलं. आणि मग खाली बघितलं.

झालं. धोंडूचं सगळं बोलणं कमलला खरं वाटायला लागलं. आपण दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची दुपटी बदलतो आणि आपली पोरं घरात अशी दबून राहतात, या विचाराने तिला रडू फुटलं. ते तिने चादर झटकण्यात दडवलं. दौलतशी ती एक अक्षर बोलली नाही. दौलतला ते कळलं की नाही, देव जाणे. तो पोरांच्या उशा सारख्या करत होता.

सकाळी तिला जावंच लागलं. आधीच्या आठवड्यात दोनदा दांडी झाली होती, आणखी एक झाली असती तर नाव गेलं असतं. निघताना तिने आनंदाच्या केसांवरून हात फिरवला तर तो वैतागून म्हणाला, "आई, भांग मोडला." वॉर्डात तिने एकाच खाटेची चादर दोनदा बदलली. सिस्टर ओरडली. "लक्ष कुठे आहे, मावशी?" लक्ष परळच्या एसटी डेपोवर होतं. आपण घरी पोचायच्या आत भावोजी पोरांना घेऊन निघाले तर? आणि नाही निघाले तर आपण काय करणार, नेऊ नका म्हणणार? कशाच्या जोरावर? गावी पोरं निदान खेळतील, ओरडतील, झाडावर चढतील. नंतर कधीतरी आपण जाऊ, तेव्हा आनंदा आपल्याला काय म्हणून हाक मारेल? तिने डोळे पुसले आणि बेडपॅन उचललं.

पाळी सुटली तशी ती जवळजवळ पळतच निघाली. चाळीच्या जिन्याशी पोचली तेव्हा वरून धोंडूचा आवाज येत होता. नेहमीपेक्षाही मोठा. गॅलरीत बायका दारादारांत उभ्या होत्या. रखमा तिला बघून म्हणाली, "लवकर जा गं. तुझे दीर कधीपासून ओरडतायत आणि दौलतभावजी ढिम्म हलत नाहीत."

कमल दारात आली. धोंडूच्या हातात पोरांच्या कपड्यांनी भरलेली पिशवी होती. चेहरा लालबुंद. दौलत खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसला होता.

"अरे, पोरांका घेवन जातंय, तोंड तरी फिरव!" धोंडू त्याच्या पाठीवर ओरडला. "इतको कसलो राग? मी काय तुझो वैरी आसंय? दौलत! अरे दौलत!"

दौलतने एक खडा उचलला, निरखून पाहिला आणि खिडकीबाहेर टाकला.

मंजू त्याच वेळी नळावरून कळशी घेऊन आली. तिने काकाच्या हातातली पिशवी पाहिली, त्यातून बाहेर आलेली आपल्या फ्रॉकची बाही पाहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. कळशी तिने खाली ठेवली, नीट, पाणी न सांडता, आणि लाकडी जमिनीवर दोनदा पाय आपटला.

दौलत लगेच वळला.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. दारात बायको, मधोमध भाऊ, मागे गॅलरीत चाळ, हे सगळं एकदम बघून तो गोंधळला, आणि हसला. "काय झालं? आज लवकर आलीस?"

कमलने धोंडूकडे पाहिलं. धोंडूचं तोंड अजून उघडंच होतं.

मंजू बापासमोर जाऊन उभी राहिली. ओठ हलवत, हातांनी दाखवत तिने सांगितलं. काका. आम्ही दोघं. गाव. आज. दौलत तिच्या ओठांकडे बघत होता आणि त्याच्या मांडीवरचं सूप हळूहळू कलत होतं.

"कोण म्हणालं?" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "मी कधी हो म्हटलं?"

"काल," धोंडू म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो पुढे येऊन भावाच्या समोर वाकला. "काल जेवताना. मी इचारलंय, तू मान हलवलंस."

दौलतने त्याचे ओठ वाचले. त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं," तो म्हणाला, "कालवण बरं झालंय का म्हणून विचारतोयस."

धोंडूने पिशवी खाली ठेवली. "कधीपासना रे?"

दौलतने खांदे उडवले. "साचेखात्यात सगळेच असे. तिथं काही अडत नाही. संप झाला, घरात बसलो, तेव्हा कळलं मला. पोरांना म्हटलं, कुणाला सांगू नका. गिरणी उघडली आणि वर कळलं, तर म्हणतील, बहिरा झालास, जा घरी."

गिरणी पुढे उघडली तेव्हा त्यांनी दौलतला बोलावलंच नाही, त्याला बरं ऐकू येत असतं तरी बोलावलं नसतं. पण ते त्या दिवशी कोणाला माहीत असणार!

"माझो भाव बहिरो झालो आणि माका कोणी सांगूक नाय," धोंडू म्हणाला. त्याने खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला. पण लगेच तो सावरला आणि कमलकडे वळला. "आता तर मी पोरांका ठेवचंय नाय. तूच सांग गो. तू दिसभर भायर. पोर पडला, भाजला, बापाक हाक मारल्यान, तर ह्येका ऐकाक येवचा नाय. तेव्हा काय करतलंस?"

कमलच्या डोळ्यांसमोर गेले कितीतरी दिवस उभे राहिले. आपण इस्पितळात, घरात पेटता स्टो, आणि हाक न ऐकू येणारा बाप. एकदा विचारलं असतं, एकदा नीट समोर बसून बघितलं असतं तर! ती धोंडूला हो म्हणणारच होती. शब्द अगदी तोंडाशी आला होता.

"काका, बाबांना ऐकू येत नाही म्हणूनच तर आम्हाला सगळं येतं," मंजू म्हणाली.

तिचा आवाज रडवेला झाला होता, पण ती थांबली नाही. "ते पहिल्याच दिवशी बोलले. बोलले, हाक मारून माझा उपयोग नाही. काय झालं तर पहिलं तुम्हीच बंद करायचं आणि मग जमिनीवर पाय मारायचा, मला पायाला कळतं. म्हणून आम्ही पंधरा-पंधरा वेळा करून बघितलंय सगळं. स्टो भडकला तर काय, तेल पेटलं तर काय. आनंदा चुकला तर बाबा परत करायला लावतात. आम्ही भीत नाही बाबांना. त्यांना आमचं तोंड दिसायला पाहिजे ना, म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघतो."

कमलला कालचं मंजूचं ते बघणं आठवलं, आणि तिचा जीव थाऱ्यावर आला.

"पण आनंदा खंय आसा?" धोंडूने इकडेतिकडे पाहिलं.

एवढ्या गदारोळात आनंदाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांनी मोरीकडे पाहिलं. आनंदा स्टोपुढे बसला होता. सबंध वेळ तो तिथेच होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, नाकही वाहत होतं, काका आपल्याला नेणार हे त्याला केव्हाच कळलं होतं. पण जागचा तो उठला नव्हता. भात शिजल्यावर त्याने चावी सैल करून स्टो बंद केला होता, टोप दोन फडक्यांत धरून खाली उतरवला होता, वर झाकण घातलं होतं, आणि आता बाहीने नाक पुसत तो झाकणातून वाफ जाते का ते बघत होता.

"रडत व्हतंस तर उठान आवशीकडे येवक नाय?" धोंडूने त्याच्याजवळ बसत विचारलं.

"भात लागला असता ना," आनंदा म्हणाला.

धोंडूने पिशवी ओढून घेतली, मंजूचा फ्रॉक बाहेर काढला, आपल्या जाड बोटांनी त्याची घडी घालायचा प्रयत्न केला. ती काही जमेना. मंजूने फ्रॉक त्याच्या हातातून घेतला, चटकन घडी करून पेटीत ठेवला. एक एक करत सगळे कपडे पेटीत गेले. दारातल्या बायका आपापल्या खोल्यांत परतल्या. जाता जाता रखमाने पदराने डोळे टिपले.

"वाढ रे बाबा," धोंडू म्हणाला. "माका गाडी गाठूची आसा. भुकेल्या पोटान जावचंय नाय."

आनंदाने त्याला वाढलं. धोंडू दोनदा भात मागून घेऊन जेवला, आणि मुद्दाम दौलतच्या समोर बसून, तोंड भरलेलं असतानाच, "बरां झाला हां कालवण!" असं दोनदा म्हणाला. दौलत हसला. निघताना धोंडूने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग रिकामं बोचकं काखेत मारून एकटाच जिना उतरला. त्याचा आवाज या वेळी खालपर्यंत ऐकू आला नाही.

तो गेल्यावर कमल भिंतीला टेकून खाली बसली. दौलत तिच्यासमोर येऊन बसला. तिने त्याच्याकडे तोंड केलं, आणि सावकाश, एक एक शब्द सुटा करून विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "विचारलं असशील. मला ऐकू आलं नसेल."

कमलला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर आलं. तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. इतक्या वर्षांत या माणसाला आपण पाठीमागून काय काय बोललो असू, कुरकुरलो असू, लाडाने काही म्हटलं असू, ते सगळं वायाच गेलं, असं तिच्या मनात आलं. वाईट वाटलं. पण पोरं इथेच होती. मंजू ताट मांडत होती, आनंदा पाट सरकवत होता, आणि त्या सुखापुढे ते वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही.

"आई, बस ना गं," मंजू म्हणाली, कारण कमल मीठ आणायला उठत होती.

ती बसली. मग पाण्याचा तांब्या घ्यायला पुन्हा उठू लागली, तेव्हा दौलतने तिला खांदा दाबून खाली बसवलं. रोजचा तयार भातही वाढायची तीच; कोणीतरी गरम भात वाढतं आहे आणि आपण नुसतं जेवायचं आहे, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक नव्हतं. भाताला तळाशी थोडं लागलं होतं. आनंदा तिच्या तोंडाकडे बघत होता. "छान झालाय," ती म्हणाली आणि खरंच पोटभर जेवली.

शेवटचा घास घेतल्यावर तिने डोकं मागे भिंतीला टेकलं. जरा वेळाने उठून हात धुवायचा, असं तिने ठरवलं होतं. बाहेर अजून उजेड होता, गॅलरीत पोरं खेळत होती, आणि कमल बसल्या जागी, उष्टा हात ताटावर तसाच ठेवून झोपली. मंजूने ताट अलगद ओढून घेतलं. मग फडकं ओलं करून आणलं आणि आईची बोटं एक एक करून पुसली, ती जागी होणार नाही अशा बेताने.